जुनी गाडी, नवे गुडघे

वासंती खर्शीकरनं वडिलांची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार सहा वर्षं खपून पुन्हा उभी केली, आणि तेव्हापासून स्वतःची झोप घालवली. कुठे जरा टक झालं की तिला वाटायचं, काहीतरी निखळलं. तशाच धास्तीत ती कोल्हापूरला जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात पोचली.

परीक्षक होते निवृत्त अधिकारी दिघावकरसाहेब. सकाळपासून येईल त्याला ते आपल्या नव्या गुडघ्यांचं आणि डोळ्यांत बसवलेल्या नव्या भिंगांचं कौतुक ऐकवत होते. त्यांनी बॉनेटवर टिचकी मारली.

"दारं नवी, गाद्या नव्या, इंजिनातलं निम्मं नवं. ही जुनी गाडी कसली? रांगेतून काढा."

वासंती गाडीच्या आड येऊन उभी राहिली.

"साहेब, नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला जाता ना? गुडघे नवे, भिंगं नवी. मग बँक तुम्हाला जुनेच दिघावकर कसे मानते?"

"अहो, अंगठा माझाच आहे ना," साहेब तडकले.

वासंतीनं बॉनेट उघडलं. आत सांगाड्यावर कारखान्यानं पहिल्या दिवशी ठोकलेला नंबर होता.

"हा हिचा अंगठा. घ्या उतरवून."

साहेब नवे गुडघे वाकवून नव्या भिंगांतून जुना नंबर वाचू लागले.