रेवा-तापीच्या दुधाची कहाणी

जिवतीबाई, तुमची कहाणी तुम्हीही ऐका, आम्हीही ऐकतो. जिच्या हाती पाळण्याची दोरी असेल तिनं ती सोडू नये, कान मात्र इकडे द्यावा.

आटपाट नगर होतं. तिथं भानजी घटके नावाचे एक बुवा होते. ओसरीवर घंगाळभर पाणी ठेवायचं, त्यात बुडाला भोक असलेली वाटी सोडायची. वाटी भरून बुडाली की एक घटका झाली. मग घंटेवर टोला द्यायचा. त्या टोल्यावर नगर उठे, टोल्यावर जेवी, टोल्यावर निजे. राजासुद्धा भूक लागली की आधी टोला ऐकी. त्यामुळे सूर्य आपल्याला विचारून उगवतो असा बुवांचा समज होता, आणि तो दूर करायची कोणाला गरज वाटली नव्हती.

बुवांना एक मुलगा होता, विसाजी. त्याची बायको मथुरा. मथुरेला जुळ्या मुली झाल्या. थोरलीचं नाव ठेवलं रेवा, धाकटीचं तापी. रेवा रडे तर वेशीवरचे बैल बुजत. तापी मुळी रडतच नसे.

मग बुवांनी नेम घालून दिला. "पाचव्या वाटीला थोरलीला पाजायचं. दहाव्या वाटीला धाकटीला. पुन्हा पाचव्या वाटीला थोरलीला. घरच्या पोरींना शिस्त नसेल तर नगराला काय म्हणून असावी?"

मथुरा म्हणाली, "मामंजी, पोरींना वाटी दिसत नाही."

"दिसत नसली तरी ऐकू येते," बुवा म्हणाले.

मग काय झालं? रेवा पाचव्या वाटीची वाट बघेना. दुसरीलाच टाहो फोडी. घर उठे, मथुरा तिला पाजी. दहाव्या वाटीला टोला होई तेव्हा तापी निजलेली असे. सासूबाई म्हणत, "गुणाची पोर! निजलीय तर निजू दे. आमच्या वेळी सगळी अशीच होती." मग तिची पाळी जाई. असं एक दिवस झालं, दोन दिवस झालं, तीन दिवस झालं. रेवा लोण्याच्या गोळ्यासारखी झाली. तापी सुकत चालली. तिच्या रडण्याचा त्रास नव्हता, म्हणून सगळे तिला शहाणी म्हणत.

एके दिवशी दारात एक म्हातारी आली. हातात काठी, अंगावर जुनेर. ओसरीवर येऊन म्हणाली, "बाबा, भूक लागलीय." बुवा म्हणाले, "थांब, आधी वाटी बुडू दे." माजघरात जाऊन म्हणाली, "बाई, भूक लागलीय." सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी या वेळेला कोणी मागत नसे." मग विसाजीला म्हणाली. विसाजीनं एक डोळा उघडला, म्हातारी पाहिली आणि तो मिटून घेतला.

शेवटी ती बाळंतिणीच्या खोलीत आली. मथुरेपुढं निवलेली अर्धी भाकरी होती. तिनं ती म्हातारीला दिली आणि म्हणाली, "आजी, हात रिकामे असले तर हिला धरा जरा. थोरलीला पाजते."

म्हातारीनं तापीला उचललं. म्हातारीचेच डोळे भरून आले. "अगं, ही तर पिसासारखी हलकी!"

"रडतच नाही हो कधी," सासूबाई दारातून कौतुकानं म्हणाल्या.

मग म्हातारी काठी आपटून म्हणाली, "या घरात न रडणाऱ्या दोघी आहेत. एक पाळण्यात, एक पाळण्याशी. दोघी उपाशी. मी जिवती. वसा सांगते तो घ्या. एक पोर उठली की दुसरीला उठवावं. दोघींना दोन कुशींत धरून एकदम पाजावं. उजवीकडची पुढच्या वेळी डावीकडे घ्यावी. ढेकर आईनं काढू नये, ती घरच्यांनी काढावी. मग आईसमोर उभं राहून विचारावं, जेवलीस का? निजलीस का? उत्तर आल्याशिवाय हलू नये. उतू नये, मातू नये, घेतला वसा टाकू नये."

असं म्हणून ती दिसेनाशी झाली. अर्धी भाकरी मात्र घेऊन गेली.

मग घरानं वसा घेतला. रात्री रेवा ओरडली की विसाजी तापीला उठवी. सासूबाई एकीला खांद्यावर घेत, बुवा दुसरीला. बुवांच्या उपरण्यावर रोज दुधाची नक्षी उमटे. मथुरेला गरम जेवण मिळे, डिंकाचा लाडू मिळे, आणि आश्चर्य म्हणजे तो तिलाच मिळे. तापीच्या गालाला खळी पडली.

मग बुवा उतले, मातले. पारावर म्हणू लागले, "पोरी माझ्या वाटीनं बाळसं धरतायत." एका रात्री म्हणाले, "धाकटी गाढ निजलीय. आज राहू दे." दुसऱ्या रात्री म्हणाले, "आजही राहू दे." तिसऱ्या रात्री तर कोणी काही म्हणालंच नाही. एकट्या रेवेसाठी मथुरा एकटी उठली. तिच्या डोळ्यांपुढं अंधारी येत होती. तापीकडे हात न्यायच्या आधीच ती बसल्या जागी भिंतीला टेकली.

पहाटे तिनं तापीला घेतलं. तापी डोळा उघडेना, तोंड उघडेना. मथुरा तिला घेऊन बुवांपुढं जाऊन उभी राहिली. बुवांना म्हातारीचे शब्द आठवले. त्यांनी हातातली वाटी पालथी घातली आणि नातीला मांडीवर घेतलं.

एकदा तळव्यांना गार पाणी लावलं. तापी हलली नाही. दुसऱ्यांदा कानाची पाळी चोळली. तापी हलली नाही. तिसऱ्यांदा बुवा रडकुंडीला येऊन म्हणाले, "बाई माझे, आज तू रड. वेळ कोणतीही असू दे, पण रड!"

आणि तापीनं असा टाहो फोडला की रेवासुद्धा चूप झाली. दोघी दोन कुशींत गेल्या, चटचट प्यायल्या. विसाजीनं एकीची ढेकर काढली, सासूबाईंनी दुसरीची.

मग बुवा सुनेपुढं उभे राहिले. "मथुरे, जेवलीस का?"

"नाही, मामंजी."

"निजलीस का?"

"तीन रात्री नाही."

सासूबाईंनी ऊन भात वाढला. त्यांच्या वेळी काय होतं ते आज त्यांना आठवलं नाही. मथुरा जेवली, आडवी झाली, आणि निजली.

आता सकाळचा टोला द्यायची वेळ आली. बुवांनी घंटेची मोगरी उचलली, सुनेकडे पाहिलं आणि मोगरी खाली ठेवली.

टोला झाला नाही, म्हणून नगर उठलं नाही. गवळी उठले नाहीत, पुजारी उठले नाहीत. सूर्य तेवढा आगाऊपणानं वर आला. उन्हानं डोळे दिपले तेव्हा राजा तणतणत ओसरीवर आला. "भानजी! सकाळ कुठं आहे?"

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं. "हळू, महाराज. सून निजलीय." राजाचे हात रिकामे दिसले, म्हणून त्यांत रेवेला दिलं.

राजा खांद्यावर बुवांची नात घेऊन उन्हात उभा राहिला. रेवेनं जरीच्या शेल्यावर मनसोक्त ढेकर दिली. राजा हळूच म्हणाला, "हिची आई उठली की सकाळ झाली असं समजा." त्या दिवशी नगरात सकाळ एक प्रहर उशिरा झाली. कोणाचं काही अडलं नाही.

जशी जिवती तापीला पावली, मथुरेला सुखाची झोप देती झाली, तशी तुम्हांआम्हांला पावो. ही साठा जाग्रणांची कहाणी, दोन ढेकरांत सुफळ संपूर्ण.