गेनबा कासार कर्ज फेडतो

एका गावात एक भोळा कासार होता. गेनबा त्याचं नाव. भोळा म्हणजे इतका, की बायका हातभर बांगड्या भरून घ्यायच्या, "पैसे सुगीला देते" म्हणायच्या, आणि कुठल्या सालच्या सुगीला, हे यानं कधी विचारलं नाही. व्हायचं तेच झालं. दुकान बुडालं. किराणावाला दारात, दूधवाला दारात, आणि राहतं घर बँकेकडं गहाण.

बायको सगुणा खमकी. नवऱ्याचा दंड धरून तिनं त्याला तालुक्याला वकिलाकडं नेलं. "बाकी काय जायचं ते जाऊ द्या, वकीलसाहेब. माझं घर तेवढं राहिलं पाहिजे!"

वकील म्हणाले, "दिवाळखोरीचा अर्ज टाकू. किरकोळ उधारीचं कोर्ट बघेल. घराचा हप्ता मात्र चालू ठेवा. आणि गेनबा, दारात कुणी आलं तर वाद घालायचा नाही. एवढंच म्हणायचं, 'आता कोर्टातच भेटू.'"

"बरं," गेनबा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सासू आली. डोक्यावर पाटी, पाटीत लेकीसाठी पुरणपोळ्या. गेनबा उंबऱ्यात आडवा उभा राहिला.

"आता कोर्टातच भेटू!"

सासू पोळ्यांसकट आल्या वाटेनं रडत गेली.

सगुणा कडाडली, "अहो, डोकं कुठं ठेवलंय? आलेल्या माणसाला पाट द्यावा, पाया पडावं, 'हे घर तुमचंच' म्हणावं!"

"बरं."

मग कोर्टाचा माणूस आला, घरादाराची यादी करायला. गेनबानं पाट दिला. पाया पडला. "साहेब, हे घर तुमचंच!"

साहेबानं पेनाचं टोपण काढलंसुद्धा. सगुणा पिठाच्या हातानं धावत आली. "थांबा, थांबा! आमचं माणूस खुळं आहे! घर गहाण आहे बँकेकडं, हप्ता मी भरतेय!"

साहेब गेला तशी ती नवऱ्याकडं वळली. "कोर्टातल्या माणसापुढं पुन्हा घराचं नाव काढाल तर याद राखा!"

"बरं."

तारीख आली. न्यायाधीशांनी विचारलं, "राहता कुठं?"

गेनबानं ओठ घट्ट मिटले.

"अहो, राहता कुठं?"

गेनबा छताचा पंखा बघू लागला.

"मुका आहे का हा?"

"तेवढं कुठलं आमचं नशीब, साहेब!" मागून सगुणा म्हणाली.

तरी निकाल चांगला लागला. किराणा, दूध, हातउसनं, सगळ्यातून सुटका. पायऱ्या उतरताना वकील समजावू लागले, "गेनबा, उधारी गेली. बँकेचं कर्ज गेलेलं नाही. ते घराला बांधलेलं आहे."

"म्हणजे घर आहे तोवर कर्ज?"

"तसंच धरा."

"बरं," गेनबा म्हणाला. आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडावर सगळं समजल्यासारखं हसू आलं. तिथंच सगुणानं ओळखायला हवं होतं. पण ती गेली थेट माहेरी, आईचा रुसवा काढायला.

सांजेला परतली तर गल्लीभर धुरळा. पत्रे रस्त्यावर, तुळया रस्त्यावर, भिंती कमरेएवढ्या. मधोमध घामाघूम गेनबा, हातात पहार.

"अहो, माझं घर!"

"आता घर नाही, म्हणजे कर्ज नाही! बघू बँक काय मागते ती!"

सगुणा मटकन मातीत बसली. समोर कुदळी खांद्यावर टाकून चार दांडगे गडी उभे होते. "आणि हे कोण?"

"मजूर. उधारीवर आणलेत," गेनबा म्हणाला. "कोर्टानं जुनी उधारी पुसून टाकली ना? मग नवी करायला आपण मोकळे!"