दुधाचा तांब्या

"डब्यात काय लपवलंयस?"

दस्तगीर वस्तादांनी विचारलं, तसा संताजीनं डबा आणखीच मांडीखाली सरकवला. पन्नाशीचा गडी, तालुक्याला स्वतःची तालीम, हाताखाली चाळीस पोरं, आणि डबा लपवतोय चिंचा चोरून आणल्यागत! मला हसू आलं. पण मी खाली मान घालून माती उकरत राहिलो.

"काय न्हाई वस्ताद. जरा भात हाय."

"भात आन?"

"दुधी. उकडलेला."

"फोडणी?"

"न्हाई. मीठ तेवढं चालतं."



दुपारची वेळ होती. सकाळचे जोर मारून पोरं गेलेली. तालमीत आम्ही तिघंच. भिंतीला टेकून ऐंशी उलटलेले दस्तगीर वस्ताद, समोर त्यांचा जुना पट्ठा संताजी, आणि कुस्तीच्या हौद्यात मी, शिदबा. पैलवान म्हणून मी कधी नाव काढलं नाही. चाळीस वर्षं या लाल मातीत ताक, हळद, तेल घालून ती मऊ ठेवली, एवढंच माझं कर्तृत्व. पण कान अजून शाबूत आहेत.

"कोन म्हणालं असलं खायला?"

"मिरजेचा एक डॉक्टर. दोन वर्षं झाली वस्ताद. जेवलं की पोट फुगतंय, मग कळा. सगळ्या तपासण्या झाल्या. शेवटी हा डॉक्टर म्हणाला, सहा आठवडे गहू बंद, दूध बंद, शेंगदाणे, हरभऱ्याची डाळ, अंडी, कांदा, लसूण, सगळं बंद. पोट गप झालं की एकेक जिन्नस परत घ्यायचा. तीन दिवस खाऊन बघायचं. दुखलं तर वहीत लिहायचं."

"मग? घावला का चोर?"

संताजीनं इकडंतिकडं बघितलं. भर तालमीत शिवी द्यावी तसा हळूच म्हणाला,

"दूध."

मी फिसकन हसलो. "आरं तिच्या! पैलवानाला दूध पचंना? उद्या म्हशीला गवत बाधंल!"

संताजीनं माझ्याकडं असं बघितलं, की फावडं पुढं धरावं लागलं. वस्ताद मात्र हसले नाहीत.

"शिदबा, तू माती उकर."

मी उकरायला लागलो.

संताजी पुढं सरकून बसला. "वस्ताद, मी हे सोडणार हाय. लई झालं. पोरं कुजबुजाय लागलीत. सकाळी सगळी दूध पितात आन त्यांचा वस्ताद कोपऱ्यात जाऊन डबा उघडतोय. तुम्ही फकस्त एकदा म्हणा, डॉक्टर येडा हाय. तुम्ही म्हणलासा, की उद्यापासनं शेरभर पितो. मरंना का पोट."

"एवढ्यासाठी आलायस?"

"व्हय."

"एवढ्यासाठी दोन तास एस्टीत बसलास?"

"व्हय म्हटलं की वस्ताद."

वस्ताद त्याच्याकडं बघत राहिले. कुस्तीत समोरचा कुठला डाव टाकणार, ते त्यांना त्याच्या खांद्यावरनं कळायचं. म्हातारपणात नजर मंदावली, पण ती खोड गेली नाही.

"दुसरं काय हाय, ते बोल."

संताजीनं खिशातनं पोरांची असते तसली दुरेघी वही काढली. उघडली, मिटली. परत उघडली.

"परवा दुधाचा पहिला दिस व्हता. अर्धा पेला घेतला. दोन तासांनी... गुडघे पोटाशी घेऊन खाली पडलो वस्ताद. घामानं बनियन भिजली. आतडी कुणीतरी पिळा घालून ओढतंय असं वाटलं. बायको गरम पाण्याची पिशवी घेऊन आली, तर तिला बी हात लावू दिला न्हाई..."

त्यानं वही मिटली.

"तसा पडलो हुतो, आन मला नवनाथ दिसला."

"कोन नवनाथ?" मी विचारलं.

वस्तादांनी नाही विचारलं.

"माझा पट्ठा व्हता," संताजी म्हणाला. "अकरा वर्षं झाली. एकोणीस वर्षांचा. अंगात नुसती वीज. माझ्या तालमीतला नियम तुम्हाला ठावं हाय. दुधाचा पेला उपडा केल्याबगार मातीत पाय ठेवायचा न्हाई. तो रोज कुरकुरायचा. वस्ताद, पोट दुखतंय. वस्ताद, आज नको. मला वाटायचं, कामचुकार हाय. जत्रंच्या मैदानाच्या आदल्या दिवशी असाच पडला, गुडघे पोटाशी घेऊन. परवा मी पडलो तसाच. अक्षी तसाच..."

"मग तू काय केलंस?"

"चाळीस पोरांसमोर उभा केला. म्हणालो, पोटात कळ न्हाई तुझ्या, भ्या हाय. आणि दुसरा पेला पाजला."

मी फावडं मातीत रोवलं.

"दुसऱ्या दिवशी मैदानात सलामी झाली, हात मिळाले, दोन मिनिटं झाली न्हाईत, तर त्यानं पोट धरलं. आन पळाला. लंगोटावर. जत्रा भरलेली, त्यातनं वाट काढत उसात घुसला. सगळं मैदान हसलं. शिट्ट्या वाजल्या. मी बी..."

"तू बी काय?"

"मी बी हसलो वस्ताद. लाज वाटली म्हणून हसलो. त्या दिवसापासनं गावानं त्याचं नाव पळपुट्या ठेवलं. परत मातीत उतरला न्हाई. आता गावात पिठाची गिरणी चालवतोय. कुस्तीचं नाव निघालं की उठून आत जातोय. मी गिरणीसमोरनं गेलो की तोंड फिरवतोय."



मग संताजीचा आवाज चढला. आपली चूक पोटात मावेनाशी झाली की माणूस ती दुसऱ्याच्या पदरात टाकायला बघतोच.

"पर माझा तरी काय गुन्हा? मला काय ठावं? आपल्यात असंच चालत आलंय. तुम्ही रोज पहाटं आमच्यासमोर तांब्या एका दमात रिकामा करायचा. तुमच्याकडं बघून आम्ही प्यालो. आमच्याकडं बघून पोरं पितात. मी काय वेगळं केलं, सांगा की!"

वस्तादांनी शेजारचा तांब्या उचलला.

हा तांब्या सगळ्या पेठेला माहीत. घरनं पहाटे आणि दुपारी असा दोनदा यायचा, वर वाटी झाकलेली. वस्ताद तो तोंडाला लावायचे, एका घोटात संपवायचे आणि मिशीवरचं पांढरं पालथ्या हातानं पुसायचे. दुसऱ्या कुणाची तो शिवायची छाती नव्हती. त्यांनी वाटी काढली आणि तांब्या संताजीपुढं धरला.

"पी."

"वस्ताद, दूध बंद हाय माझं. आत्ताच सांगितलं न्हवं?"

"पी म्हणतोय."

"कळा येतील वस्ताद..."

"नवनाथ बी हेच म्हणाला आसंल."

संताजीचं तोंड काळंठिक्कर पडलं.  त्यानं तांब्या घेतला, डोळे गच्च मिटले आणि औषध घ्यावं तसा एक घोट घेतला.

थांबला.

डोळे उघडून तांब्यात बघितलं. परत एक घोट घेतला.

"वस्ताद... ही तर पेज हाय."

"भाताची. मीठ घालून."

मी हौद्यातनं बाहेर आलो. माती तशीच पायाला. तांब्यात डोकावलो. पेजच होती. तळाला चार शितं.

"आज दूध नासलं का काय?" मी म्हणालो. मलाच माझा आवाज बावळट वाटला.

"बाविसाव्या वर्षापासनं हीच हाय," वस्ताद म्हणाले. "दूध प्यालो की मी असाच पडायचो. माझ्या वस्तादांना सांगायचा धीर झाला न्हाई. त्यांची नजर चुकवून मोरीत वतायचो. पुढं मीच वस्ताद झालो. मग तर कुनालाच सांगता येईना. वस्तादाला दूध पचत न्हाई म्हटल्यावर पोरगं कोन धाडंल? तुमची चाची पेज करायची, वर वाटी झाकून द्यायची. मरंपर्यंत कुनापाशी बोलली न्हाई बिचारी. आता सून करती."

साठ वर्षं! चाळीस वर्षं तर मी डोळ्यांनी बघत होतो. माझं पोट दगड पचवणारं. दूध पचतंय याचा मला केवढा ताठा! किती पोरांची टिंगल केली असेल मी, वस्तादांच्या तांब्याकडं बोट दाखवून. आतून शरमल्यागत झालं. कुठं बघावं ते कळेना.

संताजी ताडकन उठला.

"साठ वर्षं? आमच्यासमोर? आम्ही वकाऱ्या दाबून प्यायचो, आन तुम्ही पेज पीत हुता?"

"व्हय."

"एक शब्द बोलला असता वस्ताद! एक! मी त्या पोराला..."

"नवनाथ हितं आला व्हता."

संताजी उभ्या उभ्या थिजला.

"मैदानाच्या आधी आठ दिवस," वस्ताद म्हणाले. "तू आत्ता बसला हुतास, तितंच बसला. म्हणाला, आमचं वस्ताद दुसऱ्या कुनाचं ऐकत न्हाईत, तुमचं ऐकतील. त्यांना एवढं सांगा, मला दूध सोसत न्हाई. बाकी काय बी खातो. दुप्पट जोर मारतो. रात्रंदिवस माती उकरतो. फकस्त दूध नको."

"मग?"

वस्तादांनी हातातली वाटी जमिनीवर पालथी ठेवली. 

"मग, वस्ताद?"

"ह्योच तांब्या माझ्या हातात व्हता. त्याच्या देखत प्यालो. मिशी पुसली. आन म्हणालो... तुझा वस्ताद सांगतो तसं कर."

तेव्हा मला आठवला तो. शेलाटा, कान फुटलेले, दाराशी चपला हातात घेऊन उभा. मी काय म्हणालो होतो तेही आठवलं. म्हणालो होतो, "दुधाला भिणारं वासरू बघितलं का कुनी?" सगळी तालीम हसली होती. तोही हसला होता, बापडा. जाताना मला नमस्कार घालून गेला होता.

जीभ झडली असती तर बरं झालं असतं माझी.

"त्याला वाचवायला एक शब्द लागत व्हता," वस्ताद म्हणाले. "ह्या तोंडात व्हता तो शब्द. पर मला माझी मिशी मोठी वाटली."

त्यांच्या डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही. साठ वर्षांत वस्तादांना रडताना कुणी बघितलं असेल असं मला वाटत नाही. मी तरी पहिल्यांदाच बघितलं.

संताजी हळूहळू खाली बसला. राग गेला होता. राग होता तोवर निदान कडक दिसत होता. आता तो नुसता थकलेला माणूस होता, पोटदुखीनं आणि अकरा वर्षांच्या ओझ्यानं.



"माझं काय करू वस्ताद?"

"तुझं सोपं हाय. डॉक्टर शाना हाय, त्याचं ऐक. दूध सोड. उद्या सकाळी पोरांच्या मधोमध बस आन डबा उघड. कुनी हसलं तर हसू दे. आन इचार, आनी कुनाचं पोट दुखतं का. हात वर झालं तर मोजू नको, नुसता पेला काढून घे."

"आन नवनाथ?"

"जा त्याच्याकडं."

"तुम्ही?"

"मी बी जानार. पर तू आधी. दोन वस्ताद एकदम दारात बघितलं तर ते पोरगं आपल्याच पाया पडंल."

संताजीनं मान हलवली. खरंच होतं ते. आमच्यातली पोरं तशीच असतात. तोंडावर थुंकलं तरी वस्ताद म्हणून वाकतात.

"मी पडतो त्याच्या पाया. गिरणीत, चार गिऱ्हाइकांसमोर पडतो. चालंल?"

"पड की. तू मोकळा होशील," वस्ताद म्हणाले. "त्याला काय मिळंल?"

डब्याच्या झाकणावर संताजीची बोटं नुसतीच फिरत होती.

"मग जाऊन बोलू तरी काय?"

"बोलू नको. इचार. तवा कुठं दुखायचं, कसं दुखायचं, रात्री झोप लागायची का. अकरा वर्षांत कुनी इचारलं नसंल त्याला. तू इचार आन ऐक."

"त्यो बोलायचा न्हाई वस्ताद. मी ओळखतो त्याला. खाली बघंल आन म्हणंल, जाऊ द्या वस्ताद, झालं गेलं गंगेला मिळालं. तसं म्हणाला तर?"

वस्तादांनी डोळे मिटून भिंतीला डोकं टेकलं. मला वाटलं, दमले, झोप लागली. संताजी तरीही वाट बघत बसला...

"तर गिरणीतनं उठू नको."