बाहेरची कडी

एकदा एका लहान राज्याच्या नव्या प्रधानाकडे शेजारच्या बलाढ्य राज्याचा दूत आला. दोन्ही राज्यांची नदी एकच, आणि तिच्यावरचा बंधारा या लहान राज्याच्या हद्दीत. बंधाऱ्याचा अधिकारी नुकताच वारला होता. दूत साखर पेरत म्हणाला, "आमच्या महाराजांचा आग्रह मुळीच नाही हो! तीन गुणी माणसे केवळ सुचवली आहेत. निवड सर्वस्वी आपली."

प्रधानाने तिघांची कसून परीक्षा घेतली आणि सर्वांत विद्वान होता तो निवडला. आपण किती निःपक्षपाती आहोत, या कौतुकात स्वारी अगदी तरंगत होती.

अधिकाराची वस्त्रे देण्याच्या दिवशी सकाळीच त्याचे वृद्ध गुरू सुताराला घेऊन घरी आले. त्यांनी प्रधानाच्या खोलीची आतली कडी काढायला लावली आणि नवी कडी दाराला बाहेरून ठोकून घेतली. मग म्हणाले, "आत बैस." गुरूंची आज्ञा, म्हणून तो बसला. बाहेरून कडी लागली.

थोड्या वेळाने दरबाराचा नगारा वाजला. दार उघडेना. प्रधानाने आधी हाक मारली, मग विनवले, मग दोन्ही मुठींनी दार बडवले.

"गुरुदेव, सगळे खोळंबले असतील! ही काय थट्टा?"

"कडी पितळेची आहे," बाहेरून उत्तर आले. "पारखून घेतली आहे. कधी गंजायची नाही."

"चुलीत घाला ती कडी!" प्रधान संतापाने ओरडला. "चांगली असून काय उपयोग? ती बाहेर आहे!"

दार उघडले. गुरूंचा चेहरा त्याच्याहूनही लाल झाला होता.

"आत्ता कळले? मग बंधाऱ्याची कडी बाहेर लावताना तुझी अक्कल कुठे गेली होती? त्या विद्वानाला तू सगळे विचारलेस. 'तुला इथे कोणी आणले?' एवढे मात्र विचारले नाहीस! खुर्चीवर बसवणारा हात माणूस विसरत नाही. विसरलाच, तर तो हात आठवण करून देतो. उद्या उन्हाळ्यात बंधाऱ्याची दारे कोणासाठी उघडतील? आणि 'केवळ सुचवले' म्हणे! ज्याला नाही म्हणायची सोय नसते, ते सुचवणे नव्हे."

प्रधान मान खाली घालून दरबारात गेला. वस्त्रांचे तबक त्याने परत पाठवले आणि दूताला म्हणाला, "माणसे खरोखर गुणी आहेत. त्यांना तुमच्याच राज्यात कामे द्यावीत. आमचा अधिकारी आम्ही बंधाऱ्याकाठच्या गावांना विचारून नेमू."

दूताचे हसू मावळले. "महाराजांना हे रुचणार नाही."

"का बरे?" प्रधानाने विचारले. "त्यांनी केवळ सुचवले होते ना?"

दूत उठला आणि आपल्या राज्याच्या वाटेला लागला.