नगारा आणि गोजराचे हात

नदीकाठच्या कोष्ट्यांच्या गावात एकदा एक वृद्ध वैद्य राहत असत. त्र्यंबक हा त्यांचा शिष्य. नीट समजावून सांगितले की माणसाच्या मनातली कोणतीही भीती जाते, अशी त्याची ठाम श्रद्धा होती.

त्याच गावात गोजरा नावाची विणकर बाई होती. आदल्या वर्षी सायंकाळच्या आरतीचा नगारा वाजत असताना तिच्या घराला आग लागली. ती बचावली, सासूबाई गेल्या. तेव्हापासून नगारा ऐकू आला की तिचे हात थरथरत. पुढे तिला मुलगा झाला. एका सायंकाळी नगारा घुमला आणि तान्हे मूल तिच्या हातून निसटले. जावेने वरच्यावर झेलले म्हणून वाचले. त्या दिवसापासून गोजरा बाळाला उचलून घेईना. पाजायचे तेही जमिनीवर आडवे होऊन.

त्र्यंबक तिला समजवायला गेला. “ताई, आग दिव्याने लागली. नगाऱ्याचा तिच्याशी काय संबंध?”

“मला का ते कळत नाही?” गोजरा म्हणाली. “पण माझ्या हातांना कोण सांगणार, दादा?”

त्र्यंबकाने परत येऊन हे वैद्यांना सांगितले. सारे ऐकून वैद्यांनी देवळाच्या गुरवाला बोलावले. “रोज दुपारी नगारा गाडीत घालून नदीपलीकडे ने आणि हलक्या हाताने वाजव.”

“गुरुजी!” त्र्यंबक कळवळून म्हणाला. “ज्याने तिचा थरकाप होतो, तेच तिच्या कानांवर घालायचे?”

“मी तिला विचारले आहे. बाळासाठी ती तयार आहे.”

दुपारी तेल लावून, न्हाऊ घालून जाऊ बाळाला गोजराच्या मांडीवर ठेवी. बाळ पाय झाडत खिदळे, दोघी जावा हसत. नेमका त्याच वेळी पलीकडून नगारा वाजे, इतका पुसट की भास वाटावा. गोजरा स्वस्थ राहिली की गाडी थोडी अलीकडे येई. एकदा गुरवाने घाई केली. तिच्या परसातच येऊन नगाऱ्यावर टिपरू हाणले. गोजरा पांढरीफटक पडली. तिने बाळ जावेकडे लोटले.

“सगळे वाया गेले,” त्र्यंबक म्हणाला.

वैद्यांनी गाडी पुन्हा नदीपलीकडे पाठवली. मग ते त्र्यंबकाजवळ बसले. “अरे, नगारा आणि आग एकत्र आली, आणि तिच्या देहाने त्यांची गाठ मारली. बुद्धीला त्याने विचारले नाही. म्हणून तू बुद्धीशी बोललास ते त्याच्यापर्यंत पोचले नाही. देह सोबतीने शिकतो. त्या आवाजाला आपण आता दुसरी सोबत देत आहोत. मात्र आवाज आनंदाहून मोठा झाला, तर जुनी गाठच आवळते. म्हणून धीर धरायचा.”

गाडी पुन्हा हळूहळू अलीकडे येत गेली. पावसाळा सरला. एका सायंकाळी गोजरा बाळाला कडेवर घेऊन देवळाच्या पायरीशी उभी राहिली. नगारा घुमला. तिने डोळे मिटले, बाळाला छातीशी घट्ट धरले. आरती संपेपर्यंत ती हलली नाही.

त्र्यंबक हलकेच पुढे झाला. “ताई, भीती गेली का?”

“येते अजून,” ती म्हणाली. “पण आता टिकत नाही.”

त्र्यंबकाने यावर काही समजावून सांगितले नाही. तो नुसता तिच्या शेजारी उभा राहिला.