टुवीला हवा वीतभर धागा

अंजिराचं एक झाड होतं. झाडाला एक मोठं पान होतं. पानात होतं टुवीचं घरटं.

टुवी म्हणजे शिंपीण पाखरू. चिमणीहून लहान, शेपटी मात्र ताठ. तिने पानाच्या कडा चोचीने टोचल्या, टच टच. धाग्याने शिवल्या, सर सर. झाला एक खिसा. खिशात कापूस. कापसात अंडी, इवली इवली.

एकदा वारा आला, सूं सूं. धागा तुटला, तट्ट. खिसा उसवला. अंडी घरंगळू लागली.

टवू धावला. टवू म्हणजे अंड्यांचा बाबा. त्याने पान चोचीत घट्ट धरलं. आता त्याला बोलता येईना.

टुवी म्हणाली, "असंच धर हं. मी धागा आणते."

उडाली टुवी, भुर्र भुर्र. आली भानूकाका शिंप्यांकडे.

"काका काका, वीतभर धागा द्या.
वीतभर धाग्याने शिवेन घरटं,
घरट्यात राहतील अंडी माझी."

काकांनी पंजा पसरला. अंगठा इथे, करंगळी तिथे. एवढी असते वीत. पण धागा अडकला होता मशीनमध्ये. मशीन करकरत होतं, कर्र कर्र. चाक काही फिरेना.

काका म्हणाले, "आधी चमचाभर तेल आण. मग धागा."

उडाली टुवी, भुर्र भुर्र. आली राहीकाकूंच्या घाण्याकडे. पवळ्या बैल घाणा फिरवायचा, की तेल गळायचं, टप टप.

"काकू काकू, चमचाभर तेल द्या.
चमचाभर तेलाने सुटेल वीतभर धागा,
वीतभर धाग्याने शिवेन घरटं,
घरट्यात राहतील अंडी माझी."

काकूंनी चमचा दाखवला. आत काहीच नव्हतं. पवळ्या भुकेला होता. तो बसला होता फतकल मारून.

काकू म्हणाल्या, "आधी पेंढीभर गवत आण. मग तेल."

उडाली टुवी, भुर्र भुर्र. सगुणामावशी गवत कापत होती, खस खस.

"मावशी मावशी, पेंढीभर गवत दे.
पेंढीभर गवताने मिळेल चमचाभर तेल,
चमचाभर तेलाने सुटेल वीतभर धागा,
वीतभर धाग्याने शिवेन घरटं,
घरट्यात राहतील अंडी माझी."

मावशीने दोन हातांची मिठी केली. मिठीत मावेल तेवढी पेंढी. पण ऊन मोठं होतं. मावशीचा घसा सुकला होता. हातातला विळा खाली पडला.

मावशी म्हणाली, "आधी तांब्याभर पाणी आण. मग गवत."

उडाली टुवी, भुर्र भुर्र. आली विहिरीकडे.

"विहीरबाई विहीरबाई, तांब्याभर पाणी दे.
तांब्याभर पाण्याने मिळेल पेंढीभर गवत,
पेंढीभर गवताने मिळेल चमचाभर तेल,
चमचाभर तेलाने सुटेल वीतभर धागा,
वीतभर धाग्याने शिवेन घरटं,
घरट्यात राहतील अंडी माझी."

विहिरीत पाणी होतं. काठावर तांब्या होता. बादलीही होती. पण बादली आत सोडली की मधेच लोंबायची. दोरी हातभर कमी पडायची.

विहीर म्हणाली, "आधी हातभर दोरी आण. मग पाणी."

उडाली टुवी, भुर्र... भुर्र... पंख दुखायला लागले होते. कशीबशी पोचली दगडूमामांकडे. मामा अंगणात दोरी वळत होते.

"मामा मामा, हातभर दोरी द्या.
हातभर दोरीने मिळेल तांब्याभर पाणी,
तांब्याभर पाण्याने मिळेल पेंढीभर गवत,
पेंढीभर गवताने मिळेल चमचाभर तेल,
चमचाभर तेलाने सुटेल वीतभर धागा,
वीतभर धाग्याने शिवेन घरटं,
घरट्यात राहतील अंडी माझी."

मामांनी दोरी वळणं थांबवलं. टुवी घाबरली. हळूच म्हणाली, "मामा, आधी काय आणू?"

"काही नको," मामा म्हणाले. "तू दमलीस. ये, माझ्या खांद्यावर बस."

मामांनी हात आडवा धरला. कोपर इथे, बोटाचं टोक तिथे. एवढा असतो हात. हातभर दोरी कापली, कच्च. टुवीला खांद्यावर घेऊन मामा निघाले, झपझप.

हातभर दोरी बांधली. बादली गेली खाली, डुबुक. तांब्याभर पाणी मिळालं.

तांब्याभर पाणी मावशी प्यायली, गट गट. पेंढीभर गवत मिळालं.

पेंढीभर गवत पवळ्याने खाल्लं, चर चर. उठला, फिरला गोल गोल. चमचाभर तेल मिळालं.

चमचाभर तेल मशीनला घातलं. चाक फिरलं, खट खट. वीतभर धागा सुटला.

धागा चोचीत धरून टुवी उडाली. टवू तिथेच होता. पान धरून होता. मान थरथरत होती.

टुवीने शिवलं, टच टच, सर सर. मारली गाठ. टवूने चोच सोडली.

"एकही पडलं नाही," टवू म्हणाला.

टुवीने अंडी पोटाखाली घेतली. मग तिने खाली पाहिलं. झाडाखाली उभे होते दगडूमामा, सगुणामावशी, राहीकाकू आणि भानूकाका. पवळ्याही आला होता. तिने एकेकाला हाक मारली. मामा, मावशी, काकू, काका, पवळ्या. सगळ्यांना म्हणाली, "तुम्ही होतात म्हणून माझी अंडी आहेत."

विहीर आली नव्हती. विहिरीला कुठे चालता येतं? म्हणून सकाळी टुवी काठावर गेली. तिला गोड शीळ घालून आली.

पुढे अंडी फुटली, टक टक. आतून पिल्लं आली. केवढी? बोटाच्या पेराएवढी.

गोष्ट आमची एवढी एवढी,
तुमच्या कुशीत मावेल तेवढी.