ढवळीचा वाफा

फार फार मागची गोष्ट. डोंगराच्या पायथ्याला एक गाव होतं आणि त्या गावात भागाई नावाची एक बाई राहायची. तिच्या परसातून झऱ्याचं पाणी वाहायचं, बारा महिने गार. त्या पाण्यात तिनं पाणअळीव लावला होता. बारीक गोल पानांची, जिभेला जराशी झोंबणारी ती भाजी गावात दुसरीकडं कुठंच नव्हती.

भागाईची एकुलती लेक दूर सासरी होती. तिला दिवस गेले आणि तिचा निरोप आला, "आई, तोंडात घास फिरतो गं. पोटात काही ठरत नाही. तुझी ती पाण्यातली भाजी तेवढी खावीशी वाटते. लवकरच येते."

झालं. भागाईनं वाफ्याभोवती काट्यांचं कुंपण घातलं. स्वतःही एक पान तोडीना.

शेजारची धुरपदा म्हणाली, "वहिनी, मूठभर खुडू का? कालवणात टाकते."

"लेकीसाठी राखलीय. बोट लावायचं नाही."

"बरं बाई. राजाचा खजिनाच तो. पहारेकरी बसव आता."

एके दिवशी भागाई धुणं घेऊन नदीवर गेली. तेवढ्यात धुरपदाची शेळी ढवळी कुंपणात घुसली आणि अर्धा वाफा पार बुडख्यापर्यंत खाऊन आली. भागाईनं परत येऊन पाहिलं आणि ओलं धुणं घेऊन ती तिथंच मटकन बसली.

"धुरपदे, तुझ्या शेळीनं माझ्या लेकीच्या तोंडचा घास खाल्ला."

धुरपदानं मान खाली घालून ढवळीला आखूड दावं बांधलं. दोघींचं बोलणं तुटलं.

पुढं लेक आली. गाल बसलेले, डोळे खोल गेलेले. भागाईनं राखलेली भाजी काढली. ती उंच वाढली होती, पांढऱ्या फुलांवर आली होती. लसणाची फोडणी देऊन तिनं पान वाढलं. लेकीनं एक घास घेतला आणि ताट सरकवलं.

"कडू झालीय गं, आई."

भागाईनं चाखून पाहिली. नुसती कडूजहर.

लेक उठून परसात गेली. बराच वेळ झाला तरी येईना, म्हणून भागाई बघायला गेली, तर पोरगी पाण्याकाठी उकिडवी बसून मुठी भरभरून पानं खात होती. कोवळी, लुसलुशीत, गच्च फुटलेली.

"आई, इतकी गोड भाजी कुणासाठी लपवलीस?"

"ती होय? ती ढवळीनं खाल्लेली बाजू."

लेक हसायला लागली. मग भागाईलाही हसू आवरेना. तशीच ती धुरपदाच्या दारात गेली.

"धुरपदे, लेकीच्या डोहाळजेवणाला ये. ढवळीलाही आण."

"तिला कशाला?"

"पहिला मान तिचा आहे."

डोहाळजेवणाला ढवळीच्या कपाळी कुंकू लागलं, गळ्यात हार पडला. ढवळीनं आधी आपला हार खाल्ला, मग लेकीच्या वेणीतली फुलं. बायका हसून हसून लोळल्या.

दुसऱ्या दिवशी भागाईनं कुंपण उपटून चुलीत घातलं. मग सगळं गाव तिथून भाजी खुडून नेऊ लागलं आणि वाफा काही सरेना.

म्हणून सांगते बाळांनो, जे आपल्यापाशी आहे त्याला चार हात लागू द्यावेत, नुसतं राखून ठेवलं की त्याची गोडी जाते.